आतड्याचं दुखणं आणि किरणांचा हिशेब



मंडळाच्या या स्मृतिव्याख्यानासाठी मी आतड्याचा आजार आणि किरणांचा हिशेब हा विषय निवडला आहे. हा विषय भिलाईत मांडणं सोपं आहे, कारण पोलादाच्या गावात किरणोत्सर्गाची ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागत नाही. कारखान्यात आयुष्य काढलेल्या अनेकांनी वेल्डिंगच्या जोडाची रेडिओग्राफी होताना पाहिली असेल. दोर लावून जागा मोकळी करतात, धोक्याची पाटी लावतात, मग दुरूनच इरिडियम-१९२चा स्रोत जड पेटीतून बाहेर सरकवतात. ते काम करणाऱ्याच्या छातीवर प्लॅस्टिकचा एक छोटा बिल्ला असतो, टीएलडी बॅज. त्याच्या आत डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या धरून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात. ठरावीक मुदतीने बॅज तपासला जातो, आकडा निघतो आणि तो त्या कामगाराच्या नावावर भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या राष्ट्रीय नोंदवहीत चढतो. माणसाने कंपनी बदलली, राज्य बदललं, तरी त्याचं खातं तेच राहतं.

अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे १९८३ साली स्थापन झालेल्या एईआरबीने, या कामगारासाठी मर्यादाही घालून दिली आहे. पाच वर्षांत मिळून १०० मिलीसिव्हर्ट (हे किरणांच्या डोसचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३०पेक्षा जास्त नाही. एका मुदतीच्या बॅजवर १०च्या वर आकडा आला तर तो का आला, याची चौकशी होते.

पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये रुग्णाला साधारण ८ ते १० मिलीसिव्हर्ट मिळतात. त्याच्या छातीवर बिल्ला नसतो, आणि त्याच्या नावाचं खातं कुठेही नसतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या कानाने ऐकलं जाईल. रुग्णासाठी डोसची कायदेशीर मर्यादा नाही आणि ती नसणं योग्य आहे. कामगाराला किरणांपासून आरोग्याचा काहीच लाभ नसतो, रुग्णाला असतो. आतडं फुटलेल्या माणसाला ‘तुमचा यंदाचा कोटा संपला’ असं सांगणारा कायदा कुणालाच नको आहे. जगभर मान्य असलेली तत्त्वं दोन आहेत. तपासणीची गरज खरी असली पाहिजे, आणि ती कमीत कमी किरणांत उरकली पाहिजे. मर्यादा नसली तर मोजणीही नको, असा अर्थ मात्र आपण व्यवहारात काढून बसलो आहोत. माझी तक्रार एवढीच आहे.

ही तक्रार सगळ्यांत जास्त ज्यांना लागू पडते ते म्हणजे आतड्याच्या दीर्घ आजाराचे रुग्ण. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस ही नावं आता पुष्कळ घरांत पोचली आहेत. त्याआधी कुणी याला संग्रहणी म्हणायचं, कुणी आव, कुणी नुसतं ‘पोट बिघडलंय’ म्हणून वर्षानुवर्षं ताकावर दिवस काढायचं. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला येणाऱ्या सुजेचं वर्णन छापलं. नावं वर्णानुक्रमाने लावली होती, म्हणून आजार क्रोनच्या नावावर राहिला. हा गोऱ्यांचा आजार आहे, अशी समजूत आपल्याकडे बरीच वर्षं होती. २००३ साली लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबातल्या पाहणीत दर लाखाला सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं दाखवलं, आणि त्या समजुतीला आधार उरला नाही.

हा आजार बहुतेकदा पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो आणि जन्मभर साथ सोडत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो, त्यामुळे दुर्बिणीने बहुतेक सगळं दिसतं. क्रोन्सचं तसं नाही. तो आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो. कुठे नळी अरुंद होते, कुठे बाजूला पू साठतो, कुठे एका वेटोळ्यातून दुसऱ्यात किंवा थेट कातडीपर्यंत वाट फुटते. गुदद्वाराजवळचं भगंदर पुन्हा पुन्हा होत राहतं तेव्हा त्यामागे कधी कधी हाच आजार निघतो. खालून घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या टोकापर्यंत पोचते, वरून घातलेली सुरुवातीपर्यंत. मधलं कित्येक फूट आतडं या दुर्बिणींना दिसतच नाही. तिथे चित्र काढावंच लागतं, आणि आजार उलटत राहतो म्हणून पुन्हा पुन्हा काढावं लागतं.

आपल्या देशात यात आणखी एक गाठ आहे, ती म्हणजे आतड्याचा क्षय. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं ती जागा क्षयालाही आवडते आणि क्रोन्सलाही. ताप, वजन घटणं, उजव्या बाजूचं दुखणं, जाड झालेली भिंत, सगळं सारखं. बायोप्सीही पुष्कळदा निर्णय देत नाही. दोन्हींचे उपचार तर विरुद्ध टोकाचे. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर क्षय पसरतो, आणि क्रोन्सला क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या तर दरम्यान आतडं अरुंद होत जातं. म्हणून आपले डॉक्टर पुष्कळदा क्षयाचा उपचार सुरू करून दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. ही पद्धत शहाणपणाची आहे. पण या अनिश्चित काळात दुखणं वाढलं की रुग्ण आधी पोचतो सीटीच्या टेबलावर.

समजावण्यासाठी एक मुलगा कल्पनेत धरू. वीस वर्षांचा, इथलाच. रात्री पोटात कळ येते, अपेंडिक्सचा संशय, पहिला सीटी. आतड्याची भिंत जाड दिसते, क्षयाच्या गोळ्या सुरू. दोन महिन्यांनी उलट्या होतात, दुसऱ्या दवाखान्यात दुसरा सीटी. मामा नागपूरला असतो, म्हणून गाडी पकडून नागपूर. तिथल्या डॉक्टरांच्या हातात पडतात चार फिल्मा आणि दोन ओळींचा रिपोर्ट. मूळ चित्रं असलेली सीडी कुणी मागितलेलीच नसते, म्हणून तिसरा. क्रोन्सचं निदान होतं, औषध लागू पडतं, वर्षाने पू होतो, चौथा. नळी घालून पू काढल्यावर तो आटला का हे पाहायला पाचवा. दीड वर्षात पाच. हे उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी रोजच्या व्यवहारातली आहे, आणि पाचांपैकी पहिला आणि चौथा या दोन सीटींबद्दल माझी काहीही हरकत नाही. ते हवेतच. उरलेल्या तिन्हींबद्दल बोललं पाहिजे.

त्यातही सीटी म्हणजे नेहमी एकच फेरी नसते. औषध टोचण्याआधी एक, रोहिणीत औषध असताना एक, नंतर एक, अशा दोन-तीन फेऱ्या काढायची सवय अनेक ठिकाणी आहे. यकृतातल्या गाठीसाठी त्या लागतात. क्रोन्सच्या आतड्यासाठी योग्य वेळी काढलेली एक फेरी बहुतेकदा पुरते. प्रत्येक फेरीचा डोस वेगळा, त्यामुळे तीन फेऱ्यांचा सीटी म्हणजे किरणांच्या हिशेबात जवळजवळ तीन सीटी. रुग्णाच्या बिलात मात्र तो एकच असतो.

हे सगळं आकड्यांत नीट मांडलं ते आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या डॉक्टरांनी, २००८ साली. त्यांनी क्रोन्सच्या ४०९ रुग्णांचे १९९२ ते २००७ या काळातले सगळे एक्स-रे, बेरियमच्या तपासण्या आणि सीटी मोजले. सरासरी निघाली सुमारे ३६ मिलीसिव्हर्ट. ही सरासरी ऐकून हायसं वाटेल, कारण पृथ्वीवरचा सामान्य माणूस मातीतून, हवेतून, अन्नातून आणि आकाशातून वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट घेतच असतो. पण सरासरीच्या आड बसलेली माणसं वेगळी होती. १५.५ टक्के रुग्णांनी ७५ मिलीसिव्हर्टची पातळी ओलांडली होती, आणि एकूण किरणांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या सीटीतून आले होते. जास्त डोस कुणाला मिळाला? ज्यांचा आजार सतरा वर्षांच्या आत उघड झाला होता, ज्यांच्या आतड्याच्या आरपार वाटा पडल्या होत्या, ज्यांच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. म्हणजे ज्यांच्यापुढे सगळ्यांत लांब आयुष्य आहे आणि ज्यांच्या पेशी किरणांना जास्त हळव्या आहेत, तेच यादीत वर.

पुढे मदन रेहानी या भारतीय शास्त्रज्ञाने हाच प्रश्न कुठल्याही एका आजाराच्या पलीकडे नेला. ते पूर्वी दिल्लीच्या एम्समध्ये होते, मग व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत. त्यांच्या गटाने ३२४ रुग्णालयांतल्या २५ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या ३३,४०७ जणांना केवळ सीटीतून, एक ते पाच वर्षांच्या अवधीत, १०० मिलीसिव्हर्ट किंवा त्याहून अधिक मिळाले होते. टक्केवारीत हे १.३३ एवढंच. पण कारखान्यात एवढ्या कामगारांच्या बॅजवर असा आकडा निघाला असता, तर काय झालं असतं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता धोक्याबद्दल. लोक विचारतात, हे किरण शरीरात साठतात का? नाही. यंत्र बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही. उरते ती डीएनएवर झालेली जखम. पेशी ती बहुतेक वेळा नीट भरून काढते. क्वचित चुकीची शिवते, आणि त्या चुकीतून कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या लोकांचा १९५०पासून जो पाठपुरावा चालू आहे, त्यावर आपले बहुतेक अंदाज उभे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने मांडलेला हिशेब असा की, शंभर माणसांपैकी बेचाळीस जणांना आयुष्यात केव्हातरी कर्करोग होतोच. त्या शंभरही जणांना १०० मिलीसिव्हर्ट डोस मिळाला, तर बेचाळिसांत एकाची भर पडेल. या प्रमाणात एका सीटीची भर हजारात एक.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही आपल्याच देशात आहे. केरळच्या करुनागपल्ली किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम आहे, आणि तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जास्त किरणोत्सर्गात राहतात. जवळजवळ ७० हजार लोकांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्यात जादा कर्करोग आढळला नाही. हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. पण वाळूतून वर्षभर झिरपणारा डोस आणि काही सेकंदांत मिळणारा डोस यांत फरक आहे. शिवाय २०२३ साली युरोपातल्या नऊ देशांतल्या, लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या साडेनऊ लाखांच्या आसपास लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोस वाढला तसा रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. दहा हजार मुलांचा एकेक सीटी झाला, तर पुढच्या बारा वर्षांत त्यांतल्या एक-दोघांना त्यामुळे असा आजार होईल, असा त्यांचा अंदाज आहे. एकट्या मुलासाठी हा धोका अगदी लहान. पण क्रोन्सच्या मुलाचा सीटी एकदाच होत नाही.

आता मी ज्याला सगळ्यांत जास्त वेळ देणार आहे त्या मुद्द्याकडे येतो, कारण इथे डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. काही रेडिओलॉजिस्ट म्हणतात, जुना डोस मोजायचाच कशाला? त्यांचा युक्तिवाद पक्का आहे. धोका डोसच्या सरळ प्रमाणात वाढतो असं मानलं, तर अकराव्या सीटीची भर पहिल्याइतकीच असते. आधीचे दहा होऊन गेले, ते परत घेता येत नाहीत. म्हणून ‘याचे आधीच खूप झालेत’ या कारणाने गरजेचा अकरावा नाकारणं ही विचारातली चूक आहे, आणि त्या चुकीने माणूस मरू शकतो. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. रात्री दोन वाजता ताठरलेलं पोट घेऊन आलेल्या मुलाचा सीटी केलाच पाहिजे, मग त्याचे आधी वीस झालेले असोत.

तरीही प्रत्येक रुग्णाकडे आपल्या तपासण्यांची वही हवी, असं माझं म्हणणं आहे. वहीचं काम पुढचा सीटी अडवणं हे नाही. ती तीन गोष्टी उघड करते. एकच तपासणी सहा आठवड्यांत दोन गावी झाली का, हे ती दाखवते. कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी सीटी केला आणि त्यानंतर उपचार बदलला का, हे ती दाखवते. पाचपैकी तीन सीटींनंतर गोळ्यांची चिठ्ठी होती तशीच राहिली असेल, तर दोष किरणांचा नाही, सवयीचा आहे, आणि सवय कागदावर आल्याशिवाय दिसत नाही. तिसरी गोष्ट अशी की, हा रुग्ण पुन्हा पुन्हा चित्रं काढावी लागणाऱ्यांतला आहे हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की ते पुढच्या दहा वर्षांची पद्धतच वेगळी आखतात.

ती वेगळी पद्धत उपलब्ध आहे. भिलाईच्या रुळांचं उदाहरण घ्या. रूळ गिरणीतून बाहेर पडल्यावर त्याच्या पोटात तडा आहे का, हे ध्वनिलहरींनी तपासतात. माणसाच्या आतड्यालाही हेच लागू आहे. साध्या सोनोग्राफीत आतड्याची भिंत तीन मिलिमीटरपेक्षा जाड झाली की शिकलेल्या हाताला ते कळतं. भिंतीतला रक्तपुरवठा वाढलेला दिसतो, बाजूची सुजलेली चरबी दिसते. ब्रिटनमध्ये २८४ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लहान आतड्यातला आजार आहे की नाही हे सोनोग्राफीने ९२ टक्के वेळा ओळखलं, एमआरआयने ९७ टक्के. आजार कुठवर पसरला आहे हे सांगण्यात मात्र सोनोग्राफी ७० टक्क्यांवर राहिली, एमआरआय ८० टक्क्यांवर. म्हणजे पहिल्यांदा पूर्ण नकाशा काढायला एमआरआय, आणि औषध लागू पडतंय का हे दर काही महिन्यांनी बघायला सोनोग्राफी. दोन्हींत किरण शून्य. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनाही पाठपुराव्यासाठी याच दोन तपासण्या पुढे करतात. त्याच्याही आधी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी आहे. आतड्याला सूज आहे की नाही हे तिच्यातून बऱ्यापैकी कळतं, आणि पुष्कळदा चित्र काढायची वेळच येत नाही.

अडचणी आहेत. एमआरआयला जास्त पैसे आणि वेळ लागतो. आधी लिटरभर विशिष्ट द्रावण पिऊन आतडं फुगवावं लागतं, आणि अशक्त मुलाला ते प्यायला लावणं ही त्याच्या आईची परीक्षा असते. सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. आतड्याची सोनोग्राफी आपल्याकडे नीट शिकवलीच गेली नाही. ‘गॅसमुळे आतडी दिसत नाहीत’ हे वाक्य रिपोर्टात छापून मोकळं होण्याची रीत पडली. ही रीत मोडता येते, कारण यंत्र पुष्कळ ठिकाणी आहे. थोडी शिकवणी आणि थोडा वेळ हवा.

आपल्या पट्ट्यातली खरी गळती कागदांची आहे. इथला रुग्ण भिलाईच्याच सेक्टर ९च्या रुग्णालयात दाखवतो, रायपूरच्या एम्सला जातो, नातेवाईक नागपूरला असले की तिकडेही. चित्रं कुठल्यातरी संगणकात राहतात आणि माणूस पिशवीत फिल्मा घेऊन हिंडतो. सीटी झाला की फिल्म घ्या, पण सीडी किंवा पेनड्राइव्हही मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. २०२१पासून चौदा अंकी आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक मिळतो. रिपोर्ट त्याला जोडून ठेवता येतात. बॅजच्या खात्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी रुग्णासाठीची सोय आज तीच आहे, पण तिच्यात डोस आपोआप चढत नाही. तो आपण लिहायचा.

कसा लिहायचा, ते सांगतो. प्रत्येक सीटीनंतर यंत्र एक तक्ता तयार करतं. त्यात डीएलपी नावाचा आकडा असतो. तो रिपोर्टावर छापून द्या, अशी मागणी करा. पोटाच्या सीटीसाठी त्या आकड्याला ०.०१५ ने गुणलं की मिलीसिव्हर्टमध्ये अंदाज येतो. डीएलपी ६०० असेल तर ९ मिलीसिव्हर्ट. १,८०० असेल तर २७, आणि तेव्हा किती फेऱ्या काढल्या आणि का, हे विचारायला हरकत नाही. हा अंदाज मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसाचा आहे, लहान मुलासाठी गुणक वेगळा लागतो. वहीत तारीख, गाव, तपासणी, डीएलपी आणि ‘कशासाठी केली’ एवढे पाच रकाने पुरेत. शेवटचा रकाना डॉक्टरांना विचारून भरा. तरुण मुलींच्या वहीत पाळीची तारीखही असावी, कारण गरोदरपणाची शंका असेल तर ती टेबलावर चढण्याआधी सांगितली पाहिजे, आणि घाईच्या वेळी ते राहून जातं.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर आकडे वाचलेल्या मंडळींनी आपल्या मंडळात महिन्यातून एक सकाळ बसून दहा-वीस रुग्णांना अशी वही उघडून दिली, तर ते काम कुठल्याही डॉक्टरपेक्षा चांगलं होईल. आकड्याला घाबरायचं नाही आणि आकडा सोडायचाही नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

रेडिओलॉजीतल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी शेवटचं. त्याच कॉर्कच्या गटाने पुढे दाखवलं की, क्रोन्सच्या रुग्णाचा सीटी नेहमीच्या एक तृतीयांशाहूनही कमी डोसात काढता येतो. चित्र थोडं दाणेदार येतं, पण पू झाला आहे का, आतडं फुटलं आहे का, कुठे अडलं आहे, या प्रश्नांची उत्तरं त्यातून मिळतात. चित्रातले दाणे गाळणारी संगणकी पद्धत आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांत असते. ती वापरायची तर पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी ॲब्डोमेन’ असून भागत नाही. ‘क्रोन्सचा रुग्ण, वय एकवीस, आधीचे सीटी चार, पू आहे का एवढंच पाहायचं आहे’ असं लिहून आलं, तर यंत्रावर बसलेला तंत्रज्ञ एका फेरीत आणि कमी डोसात काम करू शकतो. चिठ्ठीवर ते नसेल, तर रुग्णाच्या वहीतून ते त्याला वाचता आलं पाहिजे.